तुम्ही विचारलंत म्हणून: घरात तीन तीन स्वयंपाक करता का?

कोणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला. मुलीला गहू चालत नाही, मुलाला काजू चालत नाहीत, नवऱ्याला सुंगटं, म्हणजे कोळंबी, चालत नाहीत, मग तुम्ही रोज तीन तीन स्वयंपाक करता की काय? आणि पुढचा, मग तुम्ही खाता तरी काय? दोन्हीचं उत्तर एकदाच नीट लिहून टाकते.

स्वयंपाक एकच. गोव्यात फोंड्याच्या आमच्या घरात गव्हाचं पीठ, रवा, मैदा, काजू, सुंगटं, कुर्ल्या म्हणजे खेकडे, यातलं काही येतच नाही, म्हणजे वरच्या फळीवर वेगळं ठेवलंय असंही नाही, येतच नाही. तिघांना जे चालतं तेच सगळ्यांच्या ताटात. सासूबाईंना आधी हे पटलं नव्हतं, एकीसाठी सगळ्यांनी का पोळी सोडायची म्हणायच्या, पण चपात्या लाटताना पीठ कसं उडतं ते कुठल्याही बाईला माहीत आहे, ते पोळपाटाच्या भेगेत बसतं, तोच तवा, तेच उलथणं, तेच ओट्यावरचं फडकं, मग मुलीचं वेगळं केलेलं जेवण वेगळं राहतं कुठे? आणि खरं सांगायचं तर पोरीने एकटीने तिचा वेगळा डबा खायचा आणि आम्ही समोर बसून गरम पोळ्या खायच्या हे मला बघवलंच नसतं.

तिघांचं तीन तऱ्हेचं आहे हे मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. मुलाची काजूची अ‍ॅलर्जी, म्हणजे चुकून तुकडा गेला तरी काही मिनिटांत ओठ सुजू शकतात, अंगावर पित्त उठू शकतं, आणि श्वास अडकायला लागला तर अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आणि सरळ हॉस्पिटल, तिथे अंगाला आगळ, म्हणजे कोकमाचा रस, चोळत बसायला वेळ नसतो. काजू चालत नाही त्याला बहुतेकदा पिस्ताही चालत नाही, दोघं एकाच कुळातले. शेंगदाणे आमचा मुलगा खातो, ते डॉक्टरांना विचारूनच. नवऱ्याचं सुंगटांचं, त्यात जे प्रथिन त्रास देतं ते उकळून तळून जात नाही, त्यामुळे नीट शिजवलं की काही होत नाही हे म्हणणंच चूक. किस्मूर म्हणजे सुक्या मासळीची खोबऱ्यातली कोशिंबीर, त्यात गालमो असतो, सुकी बारीक सुंगटं, ती खोबऱ्यात दिसतसुद्धा नाहीत.

मुलीचं सीलिअ‍ॅक, ती अ‍ॅलर्जी नव्हेच. गहू, जव आणि राय यातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. तिचं हिमोग्लोबिन गोळ्या देऊन वाढेना, उंची थांबली, तेव्हा कळलं. तिचे ओठ सुजत नाहीत म्हणून लोकांना वाटतं एवढंसं खाल्लं तर काय होतंय. आत होतं हो, बाहेर दिसत नाही एवढंच. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, यावरून पावाचा एक घास म्हणजे किती ते बघा. आणि खपली गहू चालेल, इथली पोई नावाची पावासारखी भाकरी चालेल, ती तर कोंड्याची असते, असं प्रेमाने सांगणारे पुष्कळ भेटतात. खपली गहूच आहे आणि पोईसुद्धा गव्हाचीच.

आता खातो काय. अहो, गोव्यात राहतो आम्ही! उकड्या तांदळाची पेज आणि मिस्कूट, बांगड्याचं हुमण म्हणजे आमटी आणि भात, खतखतं, सोलकढी, घावणे, आंबोळ्या, रस घालून शिरवळ्या, तांदळाच्या इडलीसारखी सान्नां, नाचणीचं तिझण, चवथीला पातोळ्या आणि मोदक, काजू न घातलेलं मणगणं. यातलं एकही आम्ही पथ्य म्हणून शोधून काढलेलं नाही, सासूबाईंच्या आईच्या घरी हेच होतं. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, काजूचं झाडही त्यांनीच ब्राझीलहून आणलं, त्याच्या आधीही इथली माणसं पोटभर जेवतच होती ना. बाजारातला ग्लूटेन-फ्री ब्रेड आणून बघितला, महागही आणि कोरडाही, त्यापेक्षा शाकुतीबरोबर सान्नां कितीतरी छान लागतात. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंप पोंप वाजतो तेव्हा मात्र मुलीसाठी मला अजून वाईट वाटतं.

नुस्तं, म्हणजे मासे, तळायचं कसं हेही खूप जणी विचारतात, कारण इथे रवा लावल्याशिवाय नुस्तं तळतच नाहीत. इडली रवा घ्यायचा, तो तांदळाचाच असतो, मिक्सरला एकदाच फिरवायचा, अगदी पीठ नाही करायचं, त्यात थोडं तांदळाचं पीठ. तुकडीला मीठ, हळद, तिखट, आगळ लावून ठेवलं की पाणी सुटतं, ते सगळं निथळून टाकायचं, नाहीतर रवा भिजतो आणि तव्याला धरतो. खोबरेल तेल, मध्यम आच, आणि एक बाजू आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही. रव्यापेक्षा जास्त कुरकुरीत होतं हे माझं ठाम मत आहे.

खरी अडचण पिठाची. तांदूळ, नाचणी, ज्वारी कितीही चांगली आणा, गिरणीत आपल्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात आणि आपलं दळण त्याच जात्यातून निघतं, पहिलं पीठ तर अर्धं त्याचंच. म्हणून घरघंटी घेतली. पैसे गेले, पण या घरातल्या सगळ्या खर्चात तो सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च. आता मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना सुकं नुस्तं, मिरच्या, सोलं याच्याबरोबर मी तांदूळही धुऊन सावलीत खडखडीत वाळवून ठेवते, कारण पावसात इथे काही म्हणजे काही वाळत नाही, आणि मग लागेल तसं थोडं थोडं दळते, दमट हवेत पीठ टिकत नाही.

हिंगाचं तर कोणाच्या डोक्यातच येत नाही. डबीवर बारीक अक्षरात बघा, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू, माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीत जव. पाकिटावर अ‍ॅलर्जनची ओळ असते, ग्लूटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणे, इतर नट्स, सोया, ती ओळ वाचल्याशिवाय पिशवीत काही टाकायचं नाही ही सवय मुलांनाही लागली आहे. हॉटेलात मात्र ओळ नसते. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू असतोच असं धरून चालायचं, आणि कढईत रवा लावलेलं नुस्तं तळलंय का हे आत जाऊन विचारायचं, लाजायचं नाही. शाळेत मधल्या सुट्टीत भाजीपाव असतो, तिचा डबा घरून जातो, आणि वर्गातल्या वाढदिवसाला केक येणार असला की बाई आदल्या दिवशी मला कळवतात म्हणजे मी तिच्यासाठी काहीतरी गोड देते, त्या बाईंचे उपकार आहेत माझ्यावर.

सत्यनारायणाच्या प्रसादावरून घरात बराच वाद झाला होता. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? शेवटी भटजींनीच सांगितलं की पोथीतच म्हटलंय, गव्हाचं पीठ, आणि ते नसेल तर तांदळाचं. तेव्हापासून आमच्याकडे शिरा तांदळाच्या रव्याचा, तूप, केळं, साखर सगळं सव्वाच्या मापाने, आणि आता जावेनेही तिच्या घरी तसाच सुरू केलाय, सासूबाईंनी तिला स्वतः शिकवला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पोट फुगतं, रक्त वाढत नाही म्हणून गव्हाचा संशय आला तर आधी गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए नावाची रक्ताची तपासणी असते आणि पुढे लागलीच तर एंडोस्कोपी, आणि या दोन्ही गहू खात असतानाच करायच्या, महिनोन् महिने सोडून मग गेलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि खरं काय ते कळतच नाही. एकाला निघालं तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या, हे घराण्यात चालतं. आम्ही सगळ्यांची केली.

आणि आम्हाला जेवायला बोलवायचं असेल तर घाबरून बोलवायचं टाळू नका, ते फार लागतं मनाला. साधा भात, बांगड्याचं हुमण, एक भाजी पुष्कळ झाली. नारळ, मिरची, धणे घरचेच असले तर प्रश्नच नाही, बाजारचा मसाला घालणार असाल तर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आदल्या दिवशी पाठवा, मी लगेच वाचून सांगते. डाव वेगळा ठेवा, फोडणीत हिंग घालू नका, आणि आमचं वाढून झाल्यावर मग खुशाल पाव टेबलावर आणा.