‘११९ डॉलरपासून’ मधला ‘पासून’

२०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा चिपळूणहून आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले आणि नातीसोबत फ्लोरिडात, ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलं. एका दिवसाचं तिकीट ११९ डॉलरपासून, असं वाचून मी पाच जणांचा गुणाकार केला. बाबांनी तो लगेच रुपयांत केला आणि चहाचा कप खाली ठेवला.

पण खरी गोम त्या ‘पासून’मध्ये. ११९ म्हणजे चार पार्कांपैकी अ‍ॅनिमल किंगडम, तेही ऑगस्ट-सप्टेंबरातले काही दिवस. जाहिरातींच्या फोटोतला तो किल्ला असतो मॅजिक किंगडममध्ये, आणि त्या वर्षी नाताळात तिथलं तिकीट १८९ होतं. वर कर वेगळा. शिवाय तिथे माणूस दहाव्या वर्षीच मोठा होतो. आमच्या साडेदहाच्या लेकीलाही पूर्ण तिकीट.

मी जरा हुशारी करायला गेलो. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. म्हटलं, बाकी अमेरिका वर्गात, आपण पार्कात. कॅलेंडर उघडलं तर दर चढलेले. ऑफिसातली एक बाई हसत म्हणाली, ‘त्याला ऑरलँडोत जर्सी वीकच म्हणतात!’

फट सापडली ती ऑगस्टअखेरीस. फ्लोरिडाच्या शाळा ऑगस्टच्या मध्यालाच भरतात, आमच्याकडच्या बहुतेक सप्टेंबरात. उकाडा भयंकर, पण दर उतरलेले.

तिकिटं काढताना पडद्यावर रोजचा दर दिसतो. एकेक दिवस वाढवत गेलं की तो घसरतो, आणि आपलं बोट आपोआप ‘आणखी एक’कडे जातं. बाबा निवृत्त बँकवाले. ‘रोजचं नको, एकूण सांग,’ म्हणत त्यांनी टपालाच्या पाकिटामागे तीन रकाने आखले: तिकीट, मुक्काम, जेवण. पाचव्या दिवसाचं तिकीट किरकोळ होतं. खोली, जेवण आणि पार्किंगचे ३० डॉलर मात्र पुरेपूर. चार दिवसांवर थांबलो.

हॉटेल पार्कबाहेरचं घेतलं. तिथे शेवटच्या पानावर ‘रिसॉर्ट फी’ उगवली, दर रात्रीमागे. मे २०२५ पासून अमेरिकेत असे सक्तीचे आकार धरूनच हॉटेलांना दर दाखवावा लागतो. आमचे पैसे त्याआधीच गेले.

उरली रांग. महामारीआधीचा, रांग टाळायचा फास्टपास फुकट होता. आता त्याजागी लाइटनिंग लेन विकत, दर दिवसागणिक आणि पार्कागणिक वेगळा. बाहेरच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती तीन दिवस आधी, सकाळी सातपासून घेता येते. फक्त मॅजिक किंगडमच्या दिवसासाठी घेतली. त्याच्या तीन दिवस आधी सकाळी पावणेसातपासून मी आणि बायको दोन फोन घेऊन बसलो होतो, पूर्वी तत्काळ तिकिटासाठी बसायचो तसे.

दुपारी तीनला आभाळ फाटलं, विजांमुळे उघड्यावरच्या राइड बंद. लोक दुकानातले पोंचो घ्यायला धावले. आईने पिशवीतून चिपळूणच्या बाजारातले पाच प्लॅस्टिकचे रेनकोट काढले.

‘इथे केवढ्याला आहेत रे?’

मी तिला आकडा सांगितला नाही.