चार इंच हिमासाठी सात महिने

मागची नोंद एप्रिलमध्ये लिहिली होती. तेव्हा वाटांवर घोट्याएवढा चिखल होता आणि यंत्रांच्या शेडमागे हिमाचा शेवटचा काळपट ढीग उरला होता. ही नोंद जानेवारीच्या अखेरीस लिहीत आहे. मधल्या काळात जंगलवाटांवर स्कीइंग करणाऱ्या आमच्या क्लबने जे एकमेव मोठे काम केले त्याचा स्कीइंगशी वरवर काहीच संबंध दिसणार नाही: अठरा किलोमीटर वाट अशी सपाट करायची, की चार इंच हिम पडले तरी तिच्यावरून हिम दाबणारा रोलर फिरवता यावा. आजवर आम्हाला त्यासाठी आठ इंच लागत असत आणि दगडाळ भागांत दहा.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडा संदर्भ देते. आमच्या वाटा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, ड्युलुथपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहेत. बहुतेक वाट काउंटीच्या जंगलातून जाते आणि दीड किलोमीटरचा एक तुकडा एका कुटुंबाच्या खासगी जमिनीतून. पगारी माणूस एकही नाही. राज्याच्या अनुदानावर राखल्या जाणाऱ्या वाटांवर स्कीइंग करण्यासाठी सोळा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला पास घ्यावा लागतो आणि त्या पासांच्या पैशांतून स्थानिक शासनामार्फत आमच्यासारख्या क्लबांना ग्रूमिंगसाठी, म्हणजे हिम दाबून वाट स्कीइंगजोगी करण्यासाठी, साहाय्य मिळते. ते पेट्रोल आणि दुरुस्तीला कसेबसे पुरते. बाकी सारे वर्गणीतून आणि हातांनी. शब्दांबद्दलही एक खुलासा करते. मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, पण इथे आकाशातून पडणाऱ्याला मी हिम म्हटले आहे आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ, कारण ग्रूमिंग करणाऱ्याची सगळी धडपड पहिल्याचे दुसरे होऊ नये यासाठीच असते.

चार इंचांचा हट्ट २०२३-२४ च्या हिवाळ्यातून आला. मिनेसोटाच्या नोंदींतील तो सर्वांत उबदार हिवाळा होता. शेजारच्या विस्कॉन्सिनमधील हेवर्डची अमेरिकन बर्कीबायनर शर्यत, जी एरवी सुमारे पन्नास किलोमीटरच्या जंगलवाटेवर होते, ती त्या फेब्रुवारीत कृत्रिम हिमाच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळावर फेऱ्या मारून पार पाडावी लागली. त्याच महिन्यात मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये झालेली विश्वचषक स्पर्धाही यंत्राने तयार केलेल्या हिमावरच आखलेली होती. ऐन वेळी थोडे खरे हिम पडले, हे सर्वांचे नशीब. आमच्या बैठकीत साहजिकच कोणीतरी हिमयंत्रांचा विषय काढला. पंप, पाइप, वीज आणि पाण्याचा साठा हे सारे गृहीत धरले, तर आमच्या वर्गणीत एखाद्या टेकडीचा उतारही पांढरा झाला नसता. मग आमच्यातले सर्वांत जुने ग्रूमर, जे गेली तीस वर्षे हे काम करत आहेत, म्हणाले की हिम वाढवता येत नसेल तर जमीन खाली न्या. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ उलगडायला आम्हाला जून उजाडला.

अर्थ असा. ताज्या भुसभुशीत हिमाची घनता पाण्याच्या जेमतेम एक दशांश असते. रोलरखाली आणि पुढच्या मशागतीत ती चौपट होते. म्हणजे चार इंच पडलेल्या हिमाचा दाबून झालेला थर एका इंचाच्या आसपास असतो. त्या एका इंचातून दोन इंच उंचीचा दगड, गवताचा झुपका किंवा अल्डरच्या झुडपाचा छाटून उरलेला खुंट वर आला, की तिथे ऊन साचते, भोवतीचे हिम वितळते आणि चार दिवसांत ताटाएवढे काळे भगदाड पडते. म्हणून वाटेचा प्रत्येक मीटर पायांनी तपासायचा होता.

जून आणि जुलै दगडांत गेले. इथली जमीन हिवाळ्यात खोलवर गोठते आणि त्या गोठण्या-वितळण्यात दर वसंत ऋतूत नवे दगड वर ढकलले जातात, त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही. लहान दगड पहारीने उचकटले आणि त्यांच्या खड्ड्यांत खडी भरून ठोकून बसवली. जे हलले नाहीत त्यांच्यावर मातीचा भराव घालून लांबट चढ-उतार केले, कारण रोलरला उंचीचे वावडे नसते, अचानक येणाऱ्या उंचीचे असते. डास आणि हरणमाश्या यांबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे.

खरा वेळ पाण्याने खाल्ला. चालण्याच्या पायवाटेला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला की पावसाचे पाणी आपोआप निघून जाते, पण स्कीच्या वाटेला तसा आडवा उतार चालत नाही; स्की त्या बाजूला घसरत राहते आणि स्की ज्यांतून धावते त्या ट्रॅकच्या खाचा वाकड्या पडतात. वाट आडवी सपाटच ठेवावी लागते आणि पाणी वरच्या बाजूच्या चरातून मोरीकडे न्यावे लागते. आमच्या नऊ मोऱ्यांपैकी चार गाळाने अर्ध्या भरल्या होत्या. त्या फावड्याने आणि लांब दांड्याच्या खुरप्याने मोकळ्या केल्या. पाचवी बीव्हरने बुजवली होती. वाहत्या पाण्याचा आवाज आला की हा प्राणी तिथे फांद्या आणि चिखल आणून टाकतो, त्यामुळे मोरी जितकी साफ करावी तितका त्याला अधिक हुरूप येतो. आम्ही तीन वेळा साफ केली आणि तीन वेळा त्याने रातोरात बांध पुन्हा उभा केला. शेवटी मोरीच्या तोंडापासून बरेच पुढे, मोठ्या घेराची जाळी उभी केली. घेर मोठा असल्यामुळे पाणी हळू आत शिरते, आवाज होत नाही आणि बांधायला लागणारी लांबी बीव्हरला परवडत नाही. ऑगस्टपासून तिथे पाणी वाहते आहे. तो तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आहे आणि तिथे आमचे त्याच्याशी भांडण नाही.

ओढ्यावरचा लहान पूल मात्र नवाच बांधावा लागला. कोकणात आमच्या गावी पावसाळा सरला की ओढ्यावर साकव घालायला प्रत्येक घरातून एक माणूस जायचा आणि माझे वडील घरी आल्यावर कोण आले नाही याचीच यादी जास्त सांगायचे. त्यांचा तो वारसा माझ्याकडे आला आहे, हे मला ऑगस्टमधल्या त्या दोन शनिवारी कळले. पूल यंत्राचे आणि रोलरचे वजन पेलेल असा, ग्रूमिंगच्या यंत्राच्या रुंदीपेक्षा दोन फूट जास्त रुंद ठेवला आहे. दलदलीला लागून असलेल्या कामासाठी परवानगी आधी घ्यावी लागते, तेव्हा असा बेत असणाऱ्यांनी कागदपत्रे हिवाळ्यातच सुरू करावीत.

झाडांबद्दल थोडेसेच. ॲशची झाडे पोखरणारा हिरवा भुंगा मिनेसोटात २००९ मध्ये प्रथम आढळला आणि ड्युलुथमध्ये २०१५ मध्ये. आमच्या सखल भागात ब्लॅक ॲश दाटीने आहे. ही झाडे उन्हाळ्यात जमिनीतले बरेच पाणी शोषून घेतात. ती मेली की जागा आणखी पाणथळ होते. म्हणजे वाटेवर पडू शकणारी वाळलेली झाडे हा प्रश्नाचा निम्माच भाग आहे. चेनसॉ चालवणारे आमच्याकडे प्रशिक्षण घेतलेले तिघेच आहेत आणि तो नियम आम्ही शिथिल करत नाही. दक्षिणेच्या उन्हापासून वाटेवर सावली धरणारे स्प्रूस आम्ही मुद्दाम राखले. पण वाटेच्या डोक्यावर आलेल्या फांद्या कापल्या, कारण हिम जमिनीवर येण्याआधी तिथेच अडकून राहते.

गवत सप्टेंबरच्या अखेरीस, वाढ थांबल्यावर, शेवटचे कापले. ते दोन इंचांपर्यंत खाली आणले आणि रास्पबेरीच्या ताठ काड्या वेगळ्या छाटल्या, कारण गवत हिमाखाली झोपते, या काड्या झोपत नाहीत. त्यानंतरचे काम पानांचे. गडद रंगाची पाने पातळ हिमाखाली ऊन शोषून घेतात आणि रोलर त्यांना हिमात मळून टाकतो, म्हणून ती ब्लोअरने वाटेबाहेर उडवावी लागतात. अडचण अशी की अखेरची पाने गळतात त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत आम्ही जंगलात काम करत नाही. अगदीच गरज पडली तर भडक नारिंगी जाकिटे घालून, दुपारी आणि गटाने. यंदा पाने उडवायला दोनच शनिवार मिळाले आणि चार किलोमीटर राहून गेले. हे चार किलोमीटर पुढे पुन्हा येतील.

दलदलीवरून जाणारा सहाशे मीटरचा भाग हा दरवर्षीचा शेवटचा अडसर असतो. हिम हे पांघरूण आहे. न गोठलेल्या दलदलीवर ते पडून राहिले तर खालचा चिखल जानेवारीपर्यंत मऊ राहतो आणि वरून पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या जागी यंत्र कंबरभर रुतते. दोन वर्षांपूर्वी ते रुतवण्याचा मान मलाच मिळाला होता. उपाय म्हणजे पडलेले पहिले दोन इंच स्नोशू, म्हणजे हिमावर चालायच्या रुंद चौकटी, पायांना बांधून तुडवायचे, म्हणजे पांघरूण पातळ होते आणि थंडी खाली उतरते. यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा जणांनी ते तीन संध्याकाळी तुडवले. त्यानंतर उणे पंधरा अंश सेल्सियसच्या आसपासच्या काही रात्री गेल्या आणि लोखंडी सळई टोचून पाहिली तेव्हा ती सगळीकडे ठणकन अडली.

अकरा डिसेंबरला पहाटेपर्यंत साडेचार इंच हिम पडले, तापमान उणे सहा. आमचा रोलर मोरीसाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या पाइपपासून घरीच बनवलेला आहे, हलका आणि रुंद. तो जुन्या, रुंद पट्ट्याच्या स्नोमोबिलमागे जोडून आम्ही दोघांनी आळीपाळीने फिरवला. पंख्याने थंड होणारे इंजिन घेतल्याचा फायदा इथे दिसला. द्रवाने थंड होणाऱ्या यंत्रांना थंड राहण्यासाठी स्वतःच्या उष्णता-विनिमयकावर उडणारे हिम लागते. पातळ हिमात, मंद गतीने, जड अवजार ओढताना ती तापतात. दाबलेले हिम रात्रभर तसेच राहू दिले. या विश्रांतीत कणांचे टोकदार कोपरे झिजतात आणि कण एकमेकांना धरतात; घाई केली तर सकाळची मेहनत दुपारी पहिल्याच स्कीखाली साखरेसारखी विस्कटते. दुसऱ्या दिवशी अठरापैकी चौदा किलोमीटर उघडले. राहिलेले चार कोणते, हे सांगायला नको. पाने तिथे हिमातून चहाच्या चोथ्यासारखी वर आली होती.

आता माझी चूक. अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी तापमान अधिक दोनवर गेले आणि संध्याकाळी उतरू लागले. ओल्या हिमात खाचा फार सुबक उठतात, म्हणून मी पाच वाजताच ट्रॅक पाडले आणि त्यांचे फोटोही काढले. रात्री पारा उणे तेरावर गेला. सकाळी त्या खाचा काचेच्या नळीसारख्या झाल्या होत्या. क्लासिक पद्धतीच्या, म्हणजे खाचांतून सरळ पावले टाकत जाण्याच्या, स्कीखाली पकडीसाठी लावलेले नेहमीचे मेण तिथे निरुपयोगी ठरले. ज्यांच्याकडे क्लिस्टर, म्हणजे बर्फासाठीचे चिकट मेण, होते तेवढेच टेकडी चढले. आमच्या जुन्या ग्रूमरांनी मला इतकेच सांगितले की तापमान उतरू लागले म्हणून निघायचे नसते, वरच्या थरातले मोकळे पाणी संपल्यावर निघायचे असते. मूठभर हिम दाबून पाहावे, हातमोजा ओला झाला तर घरी जाऊन जेवावे.

दुरुस्तीसाठी गिन्झू नावाचे अवजार आहे. पुढे सुऱ्या, मागे कंगव्यासारखी पट्टी. आपल्याकडे कुळवाने ढेकळे फोडून वर फळी मारावी, तसेच. पण सुऱ्या खोल घालायला खाली थर हवा आणि आमच्याकडे तो दीड इंच होता. आणखी खोल गेले असते तर माती वर आली असती, आणि मातीने मळलेले हिम पुन्हा स्वच्छ होत नाही. स्केटिंगचा, म्हणजे पाय तिरके मारत जाणाऱ्यांचा, रुंद पट्टा वरवर खरवडून घेतला आणि ट्रॅक सहा दिवस तसेच राहू दिले. त्या सहा दिवसांत क्लासिकवाल्यांचे आणि स्केटिंगवाल्यांचे जुने भांडण पुन्हा निघाले, आणि यंदा क्लासिकवाल्यांची बाजू रास्त होती. चार जानेवारीला दोन इंच नवे हिम आल्यावर दोन्ही पट्टे नव्याने केले.

वेळापत्रकात एक बदल केला आहे. ग्रूमिंग करणारे आता पाच आहेत, त्यांतले दोन नवे. नव्या माणसाने पहिल्या चार फेऱ्या कोणाच्या तरी सोबत करायच्या आणि प्रत्येक फेरीनंतर वेळ, हवेचे तापमान, हिमाचे तापमान, वापरलेले अवजार आणि दुसऱ्या दिवशीची वाट कशी निघाली, हे शेडमधल्या वहीत लिहायचे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तो भरायला दुसऱ्या दिवशी स्वतः स्कीवर जावे लागते. अठ्ठावीस डिसेंबरच्या माझ्या ओळीपुढे त्या रकान्यात दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात ‘काच’ एवढेच लिहिले आहे.

खासगी जमिनीचा तुकडा सतरा जानेवारीला उघडला. मिनेसोटाच्या कायद्यात मोफत वापर करू देणाऱ्या जमीनमालकाला अपघातांच्या दायित्वापासून बरेच संरक्षण आहे, तरी आम्ही दर शरद ऋतूत त्या कुटुंबाला भेटून विचारतो आणि त्यांच्या कुंपणाची फाटके आम्हीच दुरुस्त करतो. आता साडेसतरा किलोमीटर वाट खुली आहे. राहिलेला अर्धा किलोमीटर दक्षिणाभिमुख उतारावर आहे आणि तो यंदा उघडेल असे मला वाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती वाट टेकडीच्या सावलीच्या बाजूला वळवण्यासाठी काउंटीकडे नकाशा दिला आहे. आज रात्री तीन इंचांचा अंदाज आहे आणि पहाटे चारची फेरी माझी आहे. खासगी तुकड्यावरच्या वळणाजवळ दोन दगड अजून रोलरला लागतात. त्यांच्या शेजारच्या बर्चला नारिंगी फीत बांधून ठेवली आहे.