हातातला कागद

पोहे खाऊन झाल्यावर हातात उरलेल्या कागदाचे काय करायचे, हा प्रश्न इंदुरात रोज सकाळी हजारो लोकांपुढे उभा राहतो आणि त्यांच्या नकळत सुटतोही. उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेल्या पातेल्यातले पोहे दुकानदार झाऱ्याने कागदावर घेतो, त्यावर शेव, बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर जीरावन मसाला भुरभुरवतो, लिंबाची फोड पिळतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पाच मिनिटांनी आपल्या बोटांना जीरावनाचा वास आणि हातात तेलाचे पिवळे डाग पडलेला चुरगाळलेला कागद, एवढेच उरते. त्या कागदाचा तिथून पुढचा प्रवास पाहत उभे राहण्याची मला खोड आहे. कोणी बोलता बोलता सहज पेटीत टाकतो, कोणी दोन पावले मागे येऊन टाकतो, आणि क्वचित कोणी हात हळूच खाली सोडतो, पण त्याआधी एकवार आजूबाजूला पाहून घेतो. मला त्या पाहण्याचे सर्वांत जास्त कुतूहल आहे.

रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याकडे या सगळ्याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे संस्कार. ज्याच्यावर ते झाले तो पेटी शोधील, ज्याच्यावर झाले नाहीत तो रस्ता घाण करील, असा तिचा रोखठोक हिशेब आहे. तिच्याशी वाद घालण्याची आमच्या घराण्यात कोणाची प्राज्ञा नाही. तरीही कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली मांडलेले एक साधे सूत्र मी तिला एकदा चहाच्या वेळी ऐकवले होते. माणसाचे वागणे हे तो माणूस आणि त्याच्या भोवतीची परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असते, असे ते सूत्र सांगते. आत्या म्हणाली, ‘‘अरे, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’’ यावर मला काही बोलता आले नाही, कारण सामाजिक मानसशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम त्या म्हणीत बसतो. फक्त गुण नेमका कसा लागतो आणि किती लागतो, हे म्हण सांगत नाही.

ते मोजण्याचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत केला, आणि तोही थेट हातातल्या कागदावरच. त्यांचा निबंध १९९० साली प्रसिद्ध झाला. एका इस्पितळाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचेवर त्यांनी एकेक पत्रक खोचून ठेवले. तो वाहनतळ कधी झाडून लख्ख केलेला असे, तर कधी त्यावर मुद्दाम कागदकपटे पसरलेले असत. गाडीचा मालक परत येत असताना वाटेत त्याला एक इसम दिसे, जो अर्थातच प्रयोगकर्त्यांनीच पेरलेला असे. हा इसम कधी नुसताच पुढे निघून जाई, तर कधी हातातले पत्रक मालकाच्या डोळ्यांदेखत खाली टाकून जाई. मग मालक आपल्या काचेवरच्या पत्रकाचे काय करतो, याची नोंद होई. अस्वच्छ जागी ३२ टक्के लोकांनी ते खाली टाकले, आणि कोणाला टाकताना पाहिले असेल तर ५४ टक्क्यांनी. स्वच्छ जागी हे प्रमाण १४ टक्के होते. इथपर्यंत आत्याच्या पवळ्याने भाकीत केले असते तसेच सारे घडले. पण स्वच्छ जागी कोणी कागद टाकताना दिसला, तेव्हा ते प्रमाण वाढण्याऐवजी ६ टक्क्यांवर उतरले.

हा सहाचा आकडा मला फार आवडतो. एरवी स्वच्छ जमीन कोणाच्या लक्षात येत नाही. एकाने तिच्यावर कागद टाकला की तो एकटा कागद डोळ्यांत खुपतो, इथे कोणी असे करत नाही हे एकदम जाणवते, आणि आपला हात मागे येतो. जमीन आधीच घाण असेल तर मात्र तोच कागद परवान्याचे काम करतो. म्हणजे टाकणारा नुसता अनुकरणासाठी उपलब्ध नसतो; तो आपले लक्ष त्या जागेच्या रीतीकडे वळवतो, आणि पुढचे काम ती रीत करते. पोह्यांच्या दुकानापुढे आजूबाजूला पाहून घेणाऱ्या त्या माणसाचा डोळा पोलिसाला शोधत असतो असे मला पूर्वी वाटे. तो बहुधा रीत शोधत असतो.

आपल्याकडे हे निरीक्षण जुनेच आहे. संस्कृतातल्या त्या गोष्टीतला ब्राह्मण नदीवर स्नानाला जाताना आपले तांब्याचे भांडे वाळूत पुरतो आणि खूण म्हणून वर वाळूचा ढीग करतो. मागून येणाऱ्यांना वाटते की हाही एखादा विधी असावा, आणि जो तो ढीग करत सुटतो. स्नान करून आलेल्या ब्राह्मणाला सगळ्या काठावर ढीगच ढीग दिसतात आणि आपले भांडे कोणत्या ढिगाखाली आहे हे कळत नाही. ‘गतानुगतिको लोकः’ हा उद्गार त्याच्या तोंडचा. गोष्ट लोकांना हसते, पण मला त्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटते. अनोळखी तीर्थावर काय करावे हे ठाऊक नसलेल्या माणसाने आधी आलेल्याकडे पाहून वागणे यात मूर्खपणा कसला? परगावी गेल्यावर आपण ज्या दुकानापुढे गर्दी दिसते तिथेच खायला जातो, आणि बहुतेक वेळा ते खाणे चांगलेच निघते.

इंदूरची गोष्ट मात्र केवळ पाहून वागण्याने पूर्ण होत नाही. देशभरातल्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१६ साली ७३ शहरांमध्ये हे शहर २५ व्या क्रमांकावर होते, आणि २०१७ साली पहिले आले. एका वर्षात लाखो लोकांवर संस्कार होत नसतात. झाले ते असे की चौकाचौकांतल्या ओसंडणाऱ्या कचराकुंड्या हटल्या, दारोदार गाडी येऊ लागली, ओला आणि सुका कचरा वेगळा देणे भाग पडले, आणि रस्त्यावर टाकणाऱ्याला दंड होऊ लागला. गाडीवर वाजणाऱ्या गाण्याला सुरुवातीला नाके मुरडणारी माणसे पुढे ते ऐकू आले की हातातला चहाचा कप ठेवून डबा घेऊन धावू लागली. आमच्या गल्लीत एक गृहस्थ ओल्या कचऱ्यातून दुधाची पिशवी वेगळी काढताना रोज पुटपुटत. हल्ली तेच गृहस्थ नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंना कोणता कचरा कोणत्या डब्यात जातो हे समजावून देतात, आणि ‘आम्ही इंदूरचे लोक मुळातच स्वच्छतेचे भोक्ते’ अशी प्रस्तावनाही करतात.

त्या ‘मुळातच’चे स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांच्याकडे आहे. माणूस स्वतःची मते आणि स्वभाव पुष्कळदा स्वतःच्या वागण्याकडे पाहून ठरवतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १९७२ साली त्यांनी ते सविस्तर मांडले. मी रोज डबे वेगळे करतो, त्या अर्थी मी स्वच्छतेची चाड असणारा माणूस असलो पाहिजे, असा तो उलटा तर्क आहे. दंडाची धास्ती विसरली जाते, गाडीची शिस्त अंगवळणी पडते, आणि उरते ती स्वतःविषयीची समजूत. मला यात ढोंग दिसत नाही. वागणे आधी आणि स्वभाव मागून, हा क्रम आपल्या अभिमानाला रुचत नाही इतकेच. पुढे क्रमांकाचा अभिमान त्यात मिसळला. २०२३ च्या सर्वेक्षणात सुरत आपल्या बरोबरीने पहिली आली तेव्हा आमच्याकडच्या चेहऱ्यांवर आनंद कमी आणि वाटणीला नवा भाऊ निघाल्यासारखे दुःख अधिक होते. आपला गट आणि परका गट ही सीमारेषा आखायला माणसाला फार थोडे कारण पुरते, हे हेन्री ताइफेल यांनी १९७० च्या सुमारास शाळकरी मुलांवरील प्रयोगांतून दाखवले होते. मुलांची विभागणी अगदी क्षुल्लक निमित्ताने केली, तरी ती आपल्या गटाला झुकते माप देत. आमच्याकडे तर निमित्तही क्षुल्लक नव्हते.

याच अभिमानी मंडळींबरोबर रेल्वेने लांबचा प्रवास केला की शास्त्राचा उरलेला भाग दिसतो. डब्यात आसनाखाली आधीच शेंगांची टरफले आणि चहाचे कप पडलेले असतात. आपले इंदूरकर काका घरून आणलेल्या पुऱ्यांचा कागद काही वेळ हातात धरून बसतात, डब्याच्या टोकाकडे एक नजर टाकतात, आणि मग तो कागद आसनाखाली सरकतो. विचारले तर म्हणतात, ‘‘इथे पेटी कुठे आहे? आणि असली तरी जाणार कसे या गर्दीतून?’’ हेच काका गाडी एखाद्या अस्वच्छ स्थानकावर थांबली की खिडकीतून पाहून म्हणतात, ‘‘या गावचे लोकच असे.’’ स्वतःच्या वागण्याला परिस्थिती कारण आणि दुसऱ्याच्या वागण्याला त्याचा स्वभाव कारण, ही तफावत सर्वांनाच असते. दुसऱ्याला जोखताना परिस्थिती विसरण्याच्या या खोडीला ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत आरोपण-दोष असे नाव दिले. काकांचा खुलासा खोटा नव्हता. फक्त तो खुलासा स्थानकावरच्या लोकांनाही लागू पडला असता.

काही परिस्थिती अशा असतात की तिथे टाकणाराच नसतो आणि तरी कागद पडून राहतो. आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दुकानाची एक पावती दिवसभर पडलेली होती. येणारे-जाणारे सगळे तिला वळसा घालून जात होते, मीही त्यांतलाच. बिब लताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एका खोलीत भिंतीतल्या फटीतून धूर सोडला होता. एकट्या बसलेल्या माणसांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन कळवले, पण दोन थंड चेहऱ्यांच्या सोबतीत बसलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. ते दोघे अर्थात शिकवून ठेवलेले होते. पावती म्हणजे काही धूर नव्हे, हे खरे. पण ‘कोणीतरी उचलील’ यातला कोणीतरी हा प्रत्येक मजल्यावर राहतो आणि कोणत्याही दारावर त्याची पाटी नसते.

त्या पावतीवरून इमारतीच्या सभेत विषय निघाला आणि सचिवांनी एक फलक लिहून आणला: ‘अनेक रहिवासी जिन्यात कचरा टाकतात. ही अत्यंत खेदाची बाब आहे.’ मजकूर सात्त्विक संतापाने भरलेला आणि शुद्धलेखनही निर्दोष, तरी मी त्याला विरोध केला. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अश्मीभूत झाडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथे येणारे लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. चाल्डिनी यांनीच तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. कृपया लाकूड नेऊ नका, एवढेच सांगणारी पाटी असताना २ टक्क्यांहून कमी तुकडे नाहीसे झाले. पूर्वी आलेल्या अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे, असे हळहळून सांगणाऱ्या पाटीच्या वेळी सुमारे ८ टक्के गेले. पाटी हळहळली खरी, पण सगळेच नेतात ही बातमीही तिनेच दिली. अशा प्रयोगांचे आकडे जसेच्या तसे इंदुरात उतरतील असे मी मानत नाही. हॉटेलात टॉवेल पुन्हा वापरण्याविषयीच्या पाट्यांचा अमेरिकेत दिसलेला परिणाम पुढे जर्मनीत तसा आढळला नव्हता. तरी ‘येथे थुंकू नये’ असे जिथे ठळक लिहिलेले असते, त्या कोपऱ्याचा रंग सगळ्यांनी पाहिलेला आहे.

सभेत बराच खल झाला. दंडाची रक्कम लिहावी असे एकाचे म्हणणे होते, तर देवांच्या फरशा बसवाव्यात असे दुसऱ्याचे. तळमजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, ‘‘आपल्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत आणि कागद पडतो एखादाच. मग तेच लिहा ना, की इथले सगळे जिना स्वच्छ ठेवतात.’’ सचिव म्हणाले, ‘‘अहो, पण ही तक्रार आहे की कौतुक?’’ काकूंनी उत्तर दिले नाही, फक्त चहाचे कप गोळा करायला घेतले, आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी तिघे जण आपापले कप घेऊन उठले. फलकाचा मजकूर पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर पडला आहे.