खबरीतलं एक वाक्य

सकाळी साडेसातला शवागाराच्या ओट्यावर चौघं बसले होते. मोठा भाऊ, साळा, गावचा पोलीस पाटील आणि गाडी चालवत आलेला एक पोरगा. ३८ वर्षांच्या धाकट्या भावाला रात्री अपघात विभागात आणलं तेव्हाच तो गेलेला होता. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाच्या, म्हणजे आमच्या, टेबलापाशी अशी माणसं येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बॉडी केव्हा भेटन जी?" (घराची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. त्यानं आत्महत्या कशी केली हे लिहीत नाही, कारण ते कळून कुणाचंही भलं होत नाही.)

डॉक्टरांनी रात्रीच एमएलसी (पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून नोंद) केली होती आणि चौकीला मेमो गेला होता. त्यावरून मर्ग दाखल होतो. आमच्याकडे मर्ग म्हणतात, बाकी महाराष्ट्रात अकस्मात मृत्यू. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली येतं, पण हवालदारांच्या तोंडी अजून जुन्या कायद्याचं १७४च आहे. मग दोन पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाची पाहणी, आणि तो झाल्यावर शवविच्छेदन. नोव्हेंबर २०२१ पासून सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी आहे खरी, पण आत्महत्येच्या प्रकरणात एरवी ते दिवसाच करायचं असतं. म्हणून रात्रभर ओट्यावर बसण्यापेक्षा एकानं थांबावं आणि बाकीच्यांनी घरी जाऊन कागद शोधावेत. शवविच्छेदनाला पैसे लागत नाहीत. शिवायचे म्हणून कुणी मागितले तर देऊ नका, थेट आमच्या टेबलावर या.

"चिरफाड नको जी, तसंच नेऊ द्या," असं साळा दोनदा म्हणाला. नातेवाइकांच्या नकारावर हे थांबत नाही. गावातच गुपचूप आटपून टाकतात त्यांचं पुढं काय होतं तेही पाहिलं आहे. मर्ग नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, मग विमा आणि सरकारी मदत दोन्ही अडकतात, वर पोलिसांची चौकशी मागं लागते.

त्या दिवशी खरं अडलं ते मर्ग खबरीवर. ही खबर नातेवाइकानं द्यायची आणि खाली त्याचीच सही. रात्रपाळीचे हवालदार थकलेले होते आणि हाताला सवयीचं वाक्य बसलेलं : "मृतकास दारूचे व्यसन असून पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून..." मोठा भाऊ मान डोलावत होता.

"दारू होती काय?"

"पोळ्याले घ्यायचा थोडी."

"अन् पोट?"

"नाही जी."

तरी तो सही करायला निघाला होता, कारण कर्ज सांगणं त्याला दारू सांगण्यापेक्षा कमीपणाचं वाटत होतं. घरी बहिणीची सोयरीक चालू होती. हळूहळू बाहेर आलं : सोसायटीचे १,४०,००० थकलेले, पाऊस लांबल्यामुळे दुबार पेरणी, त्यासाठी सावकाराकडून उचल.

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येला १ लाखाची मदत आहे. ३०,००० लगेच आणि ७०,००० वारसाच्या नावानं ठेव. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पात्र-अपात्र ठरवते. ती सातबारा पाहते आणि नापिकी, कर्ज व तगादा यांची पडताळणी करते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. बिनपरवाना सावकाराची उचल हिशेबात धरत नाहीत, आणि जीव नकोसा करून सोडते ती बहुतेक वेळा हीच उचल. फाइलला पोलिसांचे कागद लागतात. त्यात "दारू, पोटदुखी" असेल तर तहसीलचा कारकून वेगळं काही लिहायला धजत नाही.

कागदावर काय असावं ते आम्ही सुचवत नाही. नसलेलं कर्ज घालणं हेही खोटंच. सांगणं एवढंच की खबर मोठ्यानं वाचून घ्या आणि जे खरं आहे तेच येऊ द्या. हवालदारांनी कटकट न करता पान बदललं. नव्या पानावर दारू पोळ्यापुरती राहिली आणि कर्ज आकड्यासकट आलं.

चिठ्ठी निघाली तर ती फाडायची नाही, लपवायचीही नाही. फोटो काढून मूळ कागद पोलिसांना द्यायचा आणि पंचनाम्यात तिची नोंद झाली का ते पाहायचं. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखला असेल तर रासायनिक अहवालाला महिने लागतात. तोवर मर्ग खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती काढून ठेवाव्यात.

साळ्यानं घरून पिशवी आणली. त्यातल्या पासबुकात दर मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले होते. भावाला वाटत होतं, बँकेचा चार्ज असेल. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम आहे. नॉमिनीला २ लाख मिळतात, आणि मृत्यू आत्महत्येनं झाला तरी मिळतात. शेजारचे २० रुपये अपघात विम्याचे, ते इथं चालत नाहीत. शेतकऱ्यांच्या अपघात अनुदानातूनही आत्महत्या वगळलेली आहे, त्यामुळे त्या अर्जामागं चपला झिजवू नयेत. एलआयसीसारखी पॉलिसी एक वर्षाच्या आतली असेल तर पूर्ण रक्कम मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांचा भाग परत येतो. वर्ष उलटलं असेल तर आत्महत्या म्हणून दावा नाकारता येत नाही. एजंट "आता काही नाही भेटत" म्हणाला तर तेच लेखी मागा.

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं, २१ दिवसांच्या आत. हा माणूस घरीच गेला होता म्हणून नोंद ग्रामपंचायतीत. आधारवर एक आडनाव आणि पासबुकात दुसरं, हा घोळ आधी पाहा, कारण नोंद झाल्यावर दुरुस्तीला फेऱ्या पडतात. दाखल्याच्या दहा प्रती काढा. सातबाऱ्यावरची वारसनोंद तीन महिन्यांत द्यायची. त्यात बायकोचं आणि पोरांचं नाव आलंच पाहिजे. "नंतर घालू" म्हणणारे दीर पुष्कळ असतात.

आणि कर्ज. वारसांवर ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच येतं. जामीनदाराची गोष्ट वेगळी, त्याची सही आहे. तेराव्याच्या आत कुणी नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज नव्या कागदावर चढवायला, आलं तर अंगठा नाही, सही नाही.

दुपारी वारलेल्या भावाच्या बायकोचा फोन आला. नऊ वर्षांच्या मुलाला आत्यानं सांगितलं होतं, बाबा पुण्याला कामाले गेला. "पोट्ट्याले काय सांगू जी?" खरं सांगा, थोडक्यात सांगा : बाबा वारले, त्यांच्या मनाला खूप त्रास होत होता, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, यात तुझी काही चूक नाही. कसं, ते सांगायची गरज नाही. शाळेत दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आईकडून कळलेलं बरं. पुढचे काही आठवडे तिला एकटीला ठेवू नये, मोठ्या भावालाही नाही. घरात उरलेली फवारणीची औषधं शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगितली. हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. दशक्रियेला कावळा शिवला नाही की बायकोकडे बोट दाखवणारे निघतातच. अशांना तिथल्या तिथं गप्प करायचं काम पोलीस पाटलानं अंगावर घेतलं.

पावणेतीनला ताबा पावतीवर सही झाली. शववाहिका मोफत होती. सामानात चुन्याची डबी, चाळीस रुपये आणि मोबाईल. "हा बंद करून टाकू काय जी?" भावानं विचारलं. नको, चार-सहा महिने रिचार्ज मारत राहा. बँकेचे, विम्याचे मेसेज त्यावरच येतात. पण त्यावरून किंवा एटीएमनं पैसे काढायचे नाहीत, बँकेला दाखला देऊन रीतसर मागायचे. तो फोन खिशात घालत होता तेवढ्यात वाजला. सोसायटीचे गटसचिव होते.

"मी त्याचा मोठा भाऊ बोलतो जी," तो म्हणाला, आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला.