मिरचीचा काटा आणि १ए८६:७५२३

फेब्रुवारीत नागपुरात कळमन्याच्या मिरची बाजारात काम करायचं तर तोंडाला दुपट्टा बांधावाच लागतो. पोतं फोडलं की हवेलाच ठसका लागतो. त्या दिवशी एका अडत्याच्या गाळ्यावर मी दुपट्टा बांधून टेबलाखाली वाकलो होतो आणि यूएसबीची वायर काढत-घालत होतो. बाहेर काट्यावर पोतं चढलं की इंडिकेटरवर लाल आकडा यायचा, पण कॉम्प्युटरवर बनणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीत वजनाचा रकाना रिकामाच राहायचा.

"भाऊ, काटा त बरोबर दाखवून राहिला. मंग कॉम्प्युटरले काहून नाही दिसत?" मापारी वहीत हाताने वजनं लिहीत म्हणाला.

आदल्या रात्री त्या मशीनवर जुनं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम, काढून २०२२ सालची आवृत्ती मीच टाकली होती. त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं. भिवापूरकडचा एक शेतकरी पट्टी हातात पडायची वाट बघत पायरीवर बसला होता.

काट्याच्या इंडिकेटरला मागे नऊ पिनांचा जुना सीरियल पोर्ट असतो. आजच्या कॉम्प्युटरला तो सहसा नसतो, म्हणून मधे यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरांमध्ये बहुतेक वेळा सीएच३४० नावाची चिप असते. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम, वर्षानुवर्षं आहे. सीडी नको, डाउनलोड नको, वायर लावली की झालं. मला लिनक्स आवडायला लागलं ते याच गोष्टीमुळे.

कारण मी याआधीचे दिवस पाहिले आहेत. २००२ च्या सुमारास धरमपेठेतल्या एका सायबर कॅफेत मी कामाला होतो. तिथे नेटवर्क कार्ड बदललं की एका फाइलीत हाताने ओळ लिहावी लागायची: ईटीएच० (पहिलं नेटवर्क कार्ड) म्हणजे ८१३९टू (त्याचा ड्रायव्हर). कार्ड कुठलं, त्यावरची चिप कुठली, तिचा ड्रायव्हर कुठला, हे सगळं माणसाच्या डोक्यात पाहिजे. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल २.६ आलं, त्याच सुमारास नवं उपकरण लागलं की पुढचं काम करणारा युडेव्ह हा प्रोग्रॅम आला, आणि पुढच्या काही वर्षांत ही ओळ लिहिणं हळूहळू बंद झालं.

आता काय होतं, ते मला आजही तितकंच सुंदर वाटतं. वायर लावताच कन्व्हर्टरमधला एक छोटा रेझिस्टर यूएसबीची एक तार वर ओढतो आणि कॉम्प्युटरच्या बाजूच्या यूएसबी हबला कळतं की कोणीतरी आलंय. कर्नल विचारतं, तू कोण? चिप अठरा बाइटांची माहिती पाठवते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: बनवणाऱ्याचा आणि वस्तूचा. सीएच३४० चे आकडे १ए८६ आणि ७५२३. कर्नल त्यांना गुंफून एक लांबलचक ओळ तयार करतं, तिला मोडअलियस म्हणतात, आणि ती युडेव्हकडे पाठवतं.

दुसऱ्या बाजूने प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपल्या कोडमध्ये एक यादी ठेवलेली असते: या या आकड्यांची उपकरणं मी ओळखतो. कर्नल बिल्ड होताना ती यादी मॉड्यूलच्या, म्हणजे लागेल तेव्हा लोड होणाऱ्या ड्रायव्हरच्या, फाइलीत नोंदली जाते, आणि डेपमॉड नावाचा प्रोग्रॅम सगळ्या मॉड्यूलांच्या याद्या एका ठिकाणी गोळा करतं. युडेव्ह तिथे बघतं, ओळ जुळली की सीएच३४१ हे मॉड्यूल (सीएच३४० चाही ड्रायव्हर हाच) लोड करतं, आणि त्याला लागणारं यूएसबीसीरियल हे मॉड्यूलही त्याच्या आधी. कर्नलला स्वतःला काही पाठ नसतं. उपकरण खरं नाव सांगेल आणि ड्रायव्हर आपली माणसं ओळखेल, एवढ्या विश्वासावर हे उभं आहे.

तर त्या दिवशी मी एलएसमॉड चालवलं, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी बघितली. सीएच३४१ लोड झालेलं होतं. इथेच माझा अर्धा तास गेला, कारण मॉड्यूल लोड झालं म्हणजे कर्नलकडून सगळं ठीक आहे, दोष वायरमध्ये आहे, असं मी धरून चाललो. एका पोराला बर्डीवर पाठवून दुसरी वायर आणवली. तेच. मग गाडीच्या डिकीत माझी जुनी, वेगळ्या चिपची वायर होती, ती लावली आणि पट्टीत वजन आलं: ३८.४ किलो. पायरीवरचा शेतकरी उठून उभा राहिला.

बाजाराचं काम त्या वायरवर सुरू ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत परत बसलो. एक वायर चालते, दोन चालत नाहीत, आणि त्या दोघींची चिप एकच. म्हणजे बिघाड तांब्यात नाही, नावात आहे. डीमेसेज, म्हणजे कर्नलने लिहिलेल्या नोंदी, सावकाश वाचलं. टीटीवाययूएसबी०, म्हणजे कन्व्हर्टरचा सीरियल पोर्ट, तयार झाला, अशी एक ओळ होती. लगेच खाली, सीएच३४१ च्या ताब्यातल्या इंटरफेसवर बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रॅमने हात घातला, अशी दुसरी. आणि तिसरी: टीटीवाययूएसबी० तुटला.

बीआरएलटीटीवाय हा अंध माणसांसाठीचा प्रोग्रॅम आहे. पडद्यावरची अक्षरं तो ब्रेल यंत्रावर उमटवतो. तिथे टोकं वरखाली होतात आणि माणूस बोटांनी वाचतो. ब्रेल यंत्र लावलं की तो आपोआप सुरू व्हावा, यासाठी युडेव्हच्या नियमांत अशा यंत्रांचे आकडे लिहिलेले असतात. त्यांपैकी एका ब्रेल यंत्राच्या पोटात हीच चिप आहे, हेच आकडे घेऊन. बीआरएलटीटीवायला वाटलं, ब्रेल यंत्र आलं. त्याने ड्रायव्हरला बाजूला सारलं आणि मिरचीच्या काट्याशी ब्रेलच्या भाषेत बोलायला गेला. त्यामुळे मॉड्यूल यादीत दिसत होतं, पोर्ट मात्र नव्हता. लोड होणं एक आणि उपकरण ताब्यात असणं दुसरं, हा फरक मला त्या दिवशी नीट कळला.

इंटरनेटवर याचा उपाय एका ओळीत सापडतो: बीआरएलटीटीवाय काढून टाका. मला तो पटला नाही. लहानपणी मेडिकल चौकाजवळ आमच्या शेजारी एक अंध काका राहायचे, सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते जाड कागदावर टोचणीने नंबर टोचून ठेवत, उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटला की डावीकडून वाचता येतात. तो टकटक आवाज आजही माझ्या कानात आहे. त्यांच्यासारख्या माणसाने नवं मशीन सुरू केलं तर आधी सेटिंगमध्ये जाऊन ब्रेल चालू करा, असं त्याला सांगणार कोण आणि तो ते वाचणार कशाने? आपोआप सुरू होणं आपल्यासाठी सोय आहे, त्याच्यासाठी घरात शिरायचं दार आहे. ते दार आपल्या काट्यासाठी सरसकट बुजवायचं नाही.

म्हणून मी युडेव्हची ती नियमांची फाइल ईटीसी फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी केली. तिथली फाइल मूळ फाइलीच्या वरचढ ठरते आणि अपडेट आलं तरी पुसली जात नाही. तिच्यातली एकच ओळ बंद केली, १ए८६:७५२३ ची. बाकी सगळी ब्रेल यंत्रं त्या मशीनवर आजही आपोआप चालतील. मग काट्यासाठी स्वतःचा एक नियम लिहिला. या चिपमध्ये बहुधा सिरियल नंबर नसतो, म्हणून वायर कुठल्या पोर्टला लावली यावरून ओळख ठेवली आणि त्या पोर्टवर लाल चिकटपट्टी लावून मापाऱ्याला दाखवली.

"म्हंजे हे भोक सोडून दुसऱ्यात नाही खुपसाची," तो म्हणाला.

"हो दादा. हे भोक काट्याचं."

बर्डीवरून आणलेली वायर परत लावली. पोतं चढलं, आकडा दोन्हीकडे एकच आला. निघण्याआधी बंद केलेल्या ओळीच्या वर मी मराठीत लिहून ठेवलं: या मशीनला ब्रेल यंत्र नाही, वजनकाटा आहे. पुढे कोणी इथे ब्रेल यंत्र लावलं, तर खालची ओळ पुन्हा सुरू करा आणि काट्याला वेगळ्या चिपची वायर घ्या.