हवा आपली नसताना: पदवीधर नोंदणीचा माझा अनुभव

2017 च्या महापालिका निवडणुकीत नाशिकच्या 122 पैकी 66 जागा भाजपने जिंकल्या. आमच्या पक्षाची ताकद तेव्हाही तोळामासा होती. नाशिकच्या सिडको भागात काम करताना मला सगळीकडे एकच सल्ला मिळायचा, "ताई, तुमचं काम चांगलंय, पण पक्ष बदला." एकांनी तर तिकिटाचा शब्दही दिला. मी नाही म्हटलं. याच शहरात 2012 ला मनसेचे 40 नगरसेवक निवडून आले होते, पुढच्या वेळी उरले 5. वारं बघून पक्ष धरायचा, तर वारं किती वेळा फिरेल?

मग निवडणूक लढवायला उरतं काय? महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास वस्ती आणि सोबत तीन तगडे उमेदवार हवेत. ते आमच्याकडे नव्हते. राज्यसभेला 2003 पासून त्याच राज्यातला मतदार असण्याची अट नाही, पण ती वाट दिल्लीत वजन असलेल्यांची.

मला पटला तो विधान परिषदेचा नाशिक पदवीधर मतदारसंघ, जिथे नाव नोंदवलेले पदवीधरच मत देतात. नाशिक, नगर, धुळे, जळगाव, नंदुरबार असे पाच जिल्हे, म्हणजे आवाका प्रचंड. पण मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, पसंतीक्रम लिहायचा असतो. आणि यादी दर वेळी नव्याने होते. मागच्या वेळी नाव असलं तरी पुन्हा अर्ज भरावा लागतो. जिथे पक्षाची हवा नाही तिथे याहून मोलाची संधी नाही, कारण मतदार घडवायचं काम घरोघर फिरणाऱ्याच्या हातात येतं.

2022 च्या नोंदणीत मी उतरले. नमुना 18 चा अर्ज, पदवीची साक्षांकित प्रत, रहिवासाचा पुरावा. 1 नोव्हेंबरच्या आधी पदवीला 3 वर्षं झालेली हवीत. एकगठ्ठा अर्ज चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला स्वतः किंवा घरच्यांकरवी अर्ज द्यायला लावणं हेच खरं काम.

सगळ्यात जास्त वेळ गेला लग्न झालेल्या बायकांच्या अर्जांवर. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. पवननगरमध्ये एका वहिनींनी भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले आणि पदवी झेरॉक्सला माझ्या हातात दिली. लग्नाचा दाखला सापडेना, म्हणून त्यांच्या सासूबाईंनी अख्खी ट्रंक उपसली. बी.कॉम. होऊन इतकी वर्षं झाली, या पदवीवर वेगळं मत असतं हे त्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचा फार राग येतो. शिकलेल्या बायका यादीबाहेर राहतात आणि पक्ष मात्र शिक्षणसंस्थांच्या पगारपत्रकांवर मतं मोजत बसतात.

2023 च्या जानेवारीत मतदान झालं. अपक्ष सत्यजित तांबे निवडून आले. आमचा पक्ष कुठेच नव्हता. पण सिडकोतल्या त्या घरांत आता मला पक्षाच्या नावाने नाही, माझ्या नावाने हाक मारतात.

विधान परिषदेसाठी वयाची अट 30, ती मी पूर्ण करते. मुदत 6 वर्षांची, म्हणजे पुढची नोंदणी 2028 च्या पावसाळ्यानंतर. लग्नाचे दाखले काढून ठेवायला मी आतापासूनच सांगतेय.