रानगुलाबाचे फळ: गर वेगळा, बी वेगळे

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये लेहजवळ एका ओढ्याच्या काठी काटेरी झुडपांवर बोराएवढी शेंदरी फळे लगडलेली दिसली. ही गुलाबाची फळे आहेत, हे आमच्या गाडीच्या चालकाने सांगितले, तेव्हा मला क्षणभर खरेच वाटले नाही. तिकडे या रानगुलाबाला ‘सिया’ म्हणतात आणि सियाचीन हे नावही त्यावरूनच, म्हणजे जिथे गुलाब मुबलक आहेत अशी जागा, या अर्थाने आलेले आहे. मी एक फळ नखाने उकलून पाहिले. वरचा गर पातळ आणि आंबटगोड होता. आत मात्र टणक, पिवळसर बियांचा गच्च पुंजका आणि त्यांच्याभोवती बारीक राठ केसांची दाटी होती. ते केस बोटांना चिकटले आणि संध्याकाळपर्यंत खाज काही गेली नाही.

आपल्याकडे गुलाब म्हणजे पाकळ्या, म्हणजेच गुलकंद आणि गुलाबपाणी. फूल झाडावर टिकूच दिले जात नाही, त्यामुळे त्याला फळ धरते हे लक्षात येण्याची वेळच येत नाही. युरोपात आणि पश्चिम आशियात मात्र रोझा कॅनिना या रानगुलाबाचे फळ फार पूर्वीपासून औषधी मानले गेले आहे. ‘कॅनिना’ म्हणजे कुत्र्याचा. त्याच्या मुळाने पिसाळलेल्या कुत्र्याचे विष उतरते, अशी समजूत रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. ती समजूतच होती. कुत्रा चावल्यावर लस घेण्यावाचून पर्याय नाही.

फळाची खरी ख्याती आहे ती ‘क’ जीवनसत्त्वासाठी. जात, जमीन आणि पिकण्याची वेळ यांनुसार प्रमाण बरेच बदलते, पण 100 ग्रॅम ताज्या रानफळांत ते 400 मिलिग्रॅमच्या वर आढळते, तर तेवढ्याच संत्र्यात साधारण 50 मिलिग्रॅम असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्र्यांची आयात आटली, तेव्हा 1941 पासून तिथल्या शाळकरी मुलांनी कुंपणांवरची ही फळे गोळा केली आणि त्यांचे सरबत लहान मुलांना दिले गेले. मला ही हकीकत फार मोलाची वाटते, कारण त्या फळाचे काम त्यात नेमके दिसते. मात्र ठाण्यात राहणाऱ्या माणसाने ‘क’ जीवनसत्त्वासाठी महागडी रोझहिप (म्हणजे हेच गुलाबाचे फळ) पावडर मागवावी, असे मला वाटत नाही. हिवाळ्यात गावदेवी मंडईत आवळ्यांचे ढीग लागलेले असतात आणि पेरूही स्वस्त असतो.

त्वचेसाठी वापरतात ते रोझहिपचे तेल मात्र गराचे नसून बियांचे असते आणि घोटाळा इथेच होतो. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे बियांच्या तेलात ते जवळजवळ नसतेच. तरीही मी नौपाड्यातल्या एका दुकानातून घेतलेल्या पहिल्या बाटलीवर ‘व्हिटॅमिन सी युक्त’ असे ठळक छापलेले होते आणि बूच उघडताच गुलाबाच्या अत्तराचा दर्प आला. शुद्ध तेलाला गुलाबाचा वास येत नाही. त्याचा वास सुकामेव्यासारखा, काहीसा मातकट असतो. त्या बाटलीमुळे गालांवर पुरळ उठले आणि आठवडाभर मी चेहऱ्याला काही लावू शकले नाही.

या तेलाचे मोल त्यातल्या स्निग्धाम्लांत आहे. जवळजवळ निम्मा भाग लिनोलेइक आम्लाचा असतो आणि त्याखालोखाल अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. त्वचेचा वरचा थर पाणी धरून ठेवतो तो ज्या स्निग्ध आवरणामुळे, त्याला लिनोलेइक आम्ल लागते. ऐरोलीतल्या कार्यालयात दिवसभर वातानुकूलित हवेत बसून माझी त्वचा ओढल्यासारखी होत असे, त्यावर चांगल्या प्रतीच्या तेलाचा मला निश्चित उपयोग झाला. यात रेटिनॉइक आम्लाचा, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचा, अंश असतो, म्हणून सुरकुत्या नाहीशा होतात असेही सांगितले जाते. पण तो अंश इतका अल्प असतो की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलमाशी त्याची तुलना करणे योग्य नाही.

हे फळ सांधेदुखीवर उपयोगी पडते, हा दावा मात्र मी गांभीर्याने वाचला, कारण आईचे गुडघे दुखतात. फळाच्या भुकटीत गोपो नावाचा एक स्निग्ध घटक असून सूज कमी करण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. तीन चाचण्यांतील 287 रुग्णांचा एकत्रित आढावा 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेदना काहीशा कमी झाल्याचे दिसले. मात्र तिन्ही चाचण्यांना भुकटी बनवणाऱ्या कंपनीचेच साहाय्य होते. आईला आधीच अनेक गोळ्या चालू असल्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज मी तिला ती देणार नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे किंवा ज्यांच्या शरीरात लोह साठते, त्यांनीही ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस टाळावेत.

तेल घेताना लेबलवर रोझा कॅनिना किंवा रोझा रुबिजिनोसा (ही रानगुलाबाचीच दुसरी जात) हे नाव आणि ‘कोल्ड प्रेस्ड’, म्हणजे उष्णता न देता काढलेले, हे शब्द मी पाहते. यातले बरेचसे तेल चिलीहून येते. ते लवकर खवट होते आणि आपल्या दमट, उष्ण हवेत तर फारच लवकर, म्हणून गडद काचेची लहान बाटली घेऊन मी ती फ्रिजच्या दारात ठेवते. नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहते. मग रात्री चेहरा धुतल्यावर तो ओलसर असतानाच दोन थेंब तळहातावर चोळून गालांवर हलकेच दाबते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की एकच थेंब पुरतो.